गौहरचा ळ

आमच्या वऱ्हाडात ळ या अक्षराचं काही खरं नाही. शाळेला आम्ही शाया म्हणतो, केळीला केयी, डोळ्याला डोया. आणि एवढं करून मराठी आपल्याच घरची आहे अशा थाटात वावरतो. मी ढाणकीची, नाव आभा. वडील उमरखेडच्या तहसील कचेरीत होते, घरात पुस्तकं होती, मी मराठी घेऊन एम.ए. केलं. तरी घाईत बोलले की माझा ळ निसटतोच. लक्ष ठेवून बोलले तर येतो, पण माणूस दिवसभर किती लक्ष ठेवणार.

ढाणकीत नीट, टाळूवरून सुटलेला ळ ऐकायचा असेल तर तो गौहरच्या तोंडून. गौहर आमच्याच शाळेत माझ्याबरोबर मराठी शिकवायची. तिचे वडील गफ्फार मिस्त्री. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती त्यांच्याकडे वाइंडिंगला आणत. घरात हिंदी बोलत, त्यामुळे ळ नावाची काही चीज जगात आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. पाचवीत ती मराठी शाळेत आली तेव्हा बाळूला बालू म्हणायची आणि शाळेला शाला. पोरं फिदीफिदी हसायची. हसणारी पोरं स्वतः शाया म्हणत होती, पण ते कोणालाच खटकत नव्हतं.

तिचा ळ घडवला आमच्याच शाळेच्या मराठीच्या रत्नप्रभाबाईंनी. मधल्या सुट्टीत तिला समोर बसवून त्या सांगायच्या, "जिभेचं टोक वर ने, टाळूले लाव, अन् सोड." गौहर घरी जाताना रस्ताभर कावळा, बगळा, सावळा म्हणत जायची. गफ्फार मिस्त्रींनी एकदा तिच्या आईला विचारलं, "ये लडकी दिनभर कव्वे को काहे को बुलाती?" दिवाळीपर्यंत तिचा ळ असा बसला की बाईंनी तिला उठवून अख्ख्या वर्गाला तिच्यासारखं म्हणायला लावलं. ही गोष्ट सांगताना गौहर अजून हसते. तिच्या आयुष्यात मराठीनं तिला दिलेलं पहिलं बक्षीस ते.

अकरावीत तिनं हिजाब बांधायला सुरुवात केली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिची आई नुसता पदर घ्यायची, बहीण तोही घ्यायची नाही. तिला बरं वाटलं म्हणून तिनं बांधला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तिला हे जन्मभर प्रत्येकाला सांगावं लागलं आणि सांगून झाल्यावर समोरचा माणूस हटकून म्हणायचा, "तरीपण घरच्यायचा दबाव असंनच." म्हणजे ती खोटं बोलते असं नाही, तिला स्वतःचं कळत नाही, असं. मला विचाराल तर खोटारडी म्हणवून घेणं परवडलं.

रस्त्यानं यायची तेव्हा अंगावर काळा बुरखा असायचा. शाळेत आली की तो काढून, घडी करून पिशवीत ठेवायची. आत साधी सलवार-कमीज आणि डोक्याभोवती राखाडी नाहीतर मोतिया रंगाचा हिजाब, हनुवटीखाली एक पिन. चेहरा उघडा. त्या पिनेवर आमच्या स्टाफरूमनं जेवढा विचार केला तेवढा पोरांच्या निकालावर केला असता तर शाळेचं भलं झालं असतं.

आता आमच्याकडचा एप्रिल ज्याला माहीत आहे त्याला मी काय म्हणते ते लगेच कळेल. सकाळची शाळा सुटायच्या वेळी गाडीच्या सीटला हात लावता येत नाही. मी स्कूटीवर बसायच्या आधी स्टोलनं डोकं, कान, नाक, तोंड सगळं गुंडाळते, वर गॉगल. कॉलेजच्या सगळ्या मुली तशाच. आमचे मुख्याध्यापक नंदकिशोर सर पांढरा दुपट्टा डोक्याला असा आवळतात की त्यांच्या बायकोनं ओळखू नये. पंचायतीतले लोक तसेच, पोलीस तसेच. सगळं गाव तोंड झाकून फिरतं, आणि त्या सगळ्यांत विचारलं जायचं ते एकटीला, "उकडत नाई का हो तुम्हाले?" विचारणाऱ्यांत मीही होते. पहिल्या वर्षी दोनदा विचारलं. एकदा आम्ही पाचसहा जणी स्टाफरूममध्ये आपापले स्टोल सोडत होतो तेव्हा ती म्हणाली, "झाले सगळ्यायचे बुरखे काढून? आता मस्टरवर सह्या करा." आम्ही हसलो. नंदकिशोर सर हसले नाहीत.

तिच्या मागे एक शब्द लागला होता, "असून". मुसलमान असून मराठी किती छान. हिजाब घालत असून किती मोकळ्या. एवढं कट्टर असून पोरांत मिसळतात. ती मला म्हणायची, "आभा, माझं आडनावच असून ठेवलं पायजे." एका पालकानं तर पोरगा तिच्या तुकडीतून काढून माझ्याकडे द्या म्हणून अर्ज केला, मराठी शिकवायला मुसलमान बाई कायले, असं तोंडी सांगून. पोरगा माझ्याकडे आला आणि माझ्याकडे येऊन त्याचा ळ गेला. ते त्या पालकाच्या लक्षात आलं नाही.

कर्नाटकातल्या कॉलेजांत हिजाबबंदीची ती बातमी चालू होती तेव्हा रोज पेपर उघडला की सगळे तिच्याकडे बघायचे. जणू बातमी तिनंच पाठवली होती. "तुमच्यात काय म्हणतात यावर?" तुमच्यात म्हणजे कोणात, हे कधीच कोणी सांगितलं नाही. ती तिसरीत पोलिओचे डोस देणाऱ्या कर्मचाऱ्यांना घरं दाखवत फिरलेली, आठवीत वक्तृत्वाला जिल्ह्यात दुसरी आलेली, नवऱ्याशी रिमोटवरून भांडणारी बाई. पण स्टाफरूममध्ये ती नेहमी "तुमच्यात" राहायची. ईदेला शीरखुर्म्याचा डबा तिनं आणायचा, तो आम्ही चाटूनपुसून खायचा. नऊ वर्षांत मी तिच्या घरी एकदा गेले. तेही दारातून परत आले.

बरं, घरचं म्हणावं तर तिकडेही सुटका नाही. नवरा जमीर, बसस्टँडच्या मागे त्याचं कूलर-पंखे दुरुस्तीचं दुकान. माणूस गरीब, बायकोचं कौतुक असलेला. पण जमीरची मोठी बहीण फरहाना आपा, त्यांचा घरात दरारा. त्यांना गौहरचा हिजाब अपुरा वाटायचा. रंगीत काहून, पिन चमकते काहून, शाळेत बुरखा काढतेच काहून. "मराठी पढा पढा के पूरी मराठन हो गई," हे त्या भर पाहुण्यांत म्हणायच्या. म्हणजे इकडे ती फार मुसलमान होती आणि तिकडे पुरेशी नव्हती. मधे जी काय जागा उरत होती तिथे ती रोज सकाळी उभी राहून पोरांना व्याकरण शिकवत होती.

आम्ही दोघीही तासिका तत्त्वावर. म्हणजे कायम नाही, तासापुरत्या. दर जूनला संस्थेनं ठेवलं तर राहायचं, नाहीतर घर. मराठीची कायम जागा एकच, ती रत्नप्रभाबाईंची. गेल्या वर्षी मार्चअखेर बाई निवृत्त होणार होत्या आणि त्या जागेवर आम्हा दोघींपैकी एकीला घेणार हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मला ती जागा हवी होती. गौहरलाही हवी होती, आणि ती माझ्यापेक्षा चांगली शिकवायची, हे मला माहीत होतं. दोघीही एकमेकींशी त्यावर बोलायचो नाही. डबे मात्र एकत्र खायचो.

फेब्रुवारीत शाळेला पंचवीस वर्षं झाली. त्या कार्यक्रमाला संस्थेचे अध्यक्षसाहेब यवतमाळहून येणार होते. म्हातारे, कडक, वर्षातून एकदाच येणारे, पण माणूस न्यायी अशी ख्याती. त्यांनी आधीच कळवलं होतं की मराठीच्या जागेचं मी स्वतः बघून ठरवीन, शिफारशी नकोत. सूत्रसंचालन करायचं कोणी, हा प्रश्न खरं तर नव्हताच. शाळेत काहीही असलं की गौहर संहिता लिहायची आणि गौहरच बोलायची. पण ते शाळेपुरतं. हा कार्यक्रम पेपरात येणार होता.

नंदकिशोर सरांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. सर वाईट माणूस नाही. भित्रा आहे, आणि भित्र्या माणसाचं वागणं फार गोड असतं. ते म्हणाले, "गौहर मॅडम, निवेदन तुमच्याशिवाय कोणाले जमते? पण वातावरण कसं हाय तुम्हाले माहीत हाय. स्टेजवर प्रतिमापूजन राहीन, दिवा राहीन. उगाच तुम्हालेच अवघड नको."

"मले नाई अवघड, सर," गौहर म्हणाली. "नऊ वर्षांपासून प्रतिमापूजनाचं निवेदन मीच करते."

सरांनी पेपरवेट इकडचा तिकडे केला. "तेवढं डोक्यावरचं, दोन तासापुरतं... साडी नेसली असती तर कसं, फोटोत बरं दिसलं असतं."

"साडी नेसते मी. डोक्यावरून पदर घेते. चालन?"

मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. कार्यक्रमाला येणाऱ्या मुख्य पाहुण्यांच्या सौभाग्यवती डोक्यावर पदर घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. सरही क्षणभर खूश झाले. मग म्हणाले, "पण तुम्ही तो पिनेनं पक्का कराल न?"

"पडू नये म्हणून करीनच."

"तेच त," सर म्हणाले.

मी हे नंतर खूप दिवस उलगडत बसले होते. डोक्यावरचा पदर चालतो, तो मधून मधून घसरला पाहिजे. घसरलेला सावरला की ती मर्यादा. घसरलाच नाही तर तो हिजाब. हे सगळं सरांच्या डोक्यात होतं आणि ते सरांनाही माहीत नव्हतं.

शेवटी सरांनीच तोडगा काढला. आजकाल मोठ्या कार्यक्रमात निवेदक दिसत नाही, आवाज आतून येतो, नाटकासारखा. गौहर मॅडम स्टेजच्या बाजूच्या पडद्यामागे खुर्चीवर बसतील. आभा मॅडम समोर राहतील, पाहुण्यांना हार-गुच्छ देतील. "तुमचा आवाज, यायचं स्वागत. दोघीयचंही काम झालं." असं म्हणून ते इतके समाधानानं हसले की आम्हीही हसलो.

गौहरनं घरी सांगितलं. फरहाना आपांनी विचारलं, "स्टेज पे खडी रहेगी? सब मर्दों के सामने?" गौहर म्हणाली, पडद्यामागून बोलणार आहे. आपा एकदम निवळल्या. "परदे से बोलेगी? फिर ठीक है. हेडमास्टर समझदार आदमी दिखता."

दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिनं मला हे सांगितलं. "सर अन् आपा जन्मात एकमेकाशी बोलले नाईत," ती म्हणाली. "पण मले कुठं बसवायचं यावर दोघायचं पटलं." मी हसले. ती हसली नाही, पोळीचा तुकडा घेऊन बसली. मला तेव्हा तिची कीव आली आणि कीव आली की आपण चांगले आहोत असं वाटतं. तेवढ्यावरच माझं काम भागलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी आईची पैठणी नेसले. आमचे शिपाई फुलचंदकाका माइक लावत होते. पडद्यामागे गौहरच्या पुढ्यात एक माइक ठेवून झाला, आणि दुसरा, हातात धरायचा, त्यांनी माझ्या हातात दिला. "हा बंद हाय," ते म्हणाले. "सरायनं सांगतलं हातात राहू द्या म्हणून. रिकामे हात चांगले दिसत नाईत."

पडद्याच्या फटीतून मी एकदा आत बघितलं. गौहर कागद मांडीवर घेऊन बसली होती. राखाडी हिजाब, नवी पिन. जिला कोणी बघणार नव्हतं ती नवी पिन लावून आली होती. आतमध्ये हवा नव्हती, पडदा जाड मखमलीचा, मंडपवाल्याचा. तिच्या कपाळावर घाम आला होता. मी विचारलं, "उकडून राह्यलं न?" ती म्हणाली, "हाव. या पडद्यानं."

तिनं बोलायला सुरुवात केली आणि मंडप शांत झाला. "ही शाळा पंचवीस वर्षांपूर्वी एका बाभळीखाली सुरू झाली, तेव्हा फळा नव्हता, फक्त कोळशानं रंगवलेली भिंत होती." शाळा, बाभळीखाली, फळा, कोळसा. तिनं ते वाक्य मुद्दाम तसं लिहिलं होतं, मला माहीत होतं. ज्या जागेसाठी अध्यक्ष बघायला आले होते ती जागा ती आपल्या ळच्या जोरावर मागत होती. दुसरं काही दाखवायची तिला परवानगीच नव्हती.

आणि लोक माझ्याकडे बघत होते. हातात माइक, अंगावर पैठणी, आवाज येतोय. बघणार दुसरं कुठे. पहिली दोन वाक्यं मी नुसती उभी होते. तिसऱ्या वाक्याला पहिल्या रांगेतल्या अध्यक्षसाहेबांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि माइक आपोआप माझ्या तोंडाजवळ गेला. संहिता मला पाठ होती, तिच्याबरोबर तालीम मीच केली होती. माझे ओठ हलायला लागले. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी हे स्वतःहून केलं. दोन तास केलं. शेवटी शेवटी तर मला ते आवडायला लागलं होतं, आणि हे लिहिताना मला स्वतःची शिसारी येते.

कार्यक्रम संपल्यावर अध्यक्षसाहेब मला म्हणाले, "बाई, वाणी फार शुद्ध आहे तुमची. पुण्याला शिकलात का?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही. सर बाजूला उभे होते. ते पायांकडे बघत होते.

रत्नप्रभाबाई खुर्च्यांच्या रांगेतून हळूहळू माझ्याकडे आल्या. त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला, बटण खालीवर केलं, आणि परत दिला. "ळ तिचा अन् तोंड तुझं," त्या म्हणाल्या. "मी शिकवलेला ळ मले कळणार नाई का?" मग म्हणाल्या, "साहेबायले तू सांगशील न? मी सांगण्यापेक्षा तू सांगतलेलं बरं." मी हाव म्हटलं. बाई पुढच्या महिन्यात मुलाकडे नागपूरला गेल्या. त्यांना वाटलं असेल, मी सांगितलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. सरांनी आम्हाला दोघींना बोलावलं आणि ते गौहरच्या हातात दिलं. तिनं मोठ्यानं वाचलं. सवयच तिला तशी. "शाळेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्या बाईंनी सूत्रसंचालन केले, त्यांची मराठी विषयाच्या रिक्त जागेवर कायम नेमणूक करावी." खाली अध्यक्षांची सही.

ती सरांकडे बघून म्हणाली, "म्हणजे मलेच घेतलं न त्यायनं."

तिच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद आला होता. मोजून दोन श्वास. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि सरांकडे, आणि तिला समजलं.

सर म्हणाले, "त्यायनं आभा मॅडमले पाह्यलं न. मी आता कसं सांगू? पहिला प्रश्न तेच विचारतीन, बाईले पडद्यामागं काहून बसवलं म्हणून. माझी रिटायरमेंट दोन वर्षांवर आली, मॅडम." सरांचे डोळे ओले झाले होते. खोटे नव्हते. स्वतःची भीती माणसाला खरीच वाटते.

मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं: साहेब, तो आवाज माझा नव्हता. माझ्याजवळ फोन होता, पत्रावर नंबर होता. मी पत्राच्या कागदाकडे बघत राहिले.

बाहेर व्हरांड्यात मी तिला म्हटलं, "गौहर, मी सांगते साहेबायले." मला वाटतं मी ते ती नको म्हणेल म्हणून म्हटलं.

ती कठड्याला टेकली. "सांग. मग सर अडकतात. सर अडकले की जूनमधी माझे तास पहिले बंद. मी स्वतः सांगतलं, त म्हणतीन, पाहा, लागली भांडाले, यायचं असंच असते. अन् चूप बसली त म्हणतीन, बिचारी, यायच्यात बाईले बोलू देत नाईत." तिनं पिशवीतून बुरखा काढला आणि घडी मोडली. "काम सोडून घरी बसली त आपा शिरणी वाटतीन. मंग मी काय करू, तूच सांग. तू मराठीची कायम बाई आहे आता."

मी रडले. तिनं मला पाणी दिलं. रडायचा मान पण त्या दिवशी मीच घेतला.

जाताना ती थांबून म्हणाली, "आभा, तुझा माइक बंद होता हे बरं झालं. चालू असता त दोघीयचे आवाज आले असते." इतकंच. त्यानंतर या विषयावर ती आजवर एक शब्द बोललेली नाही. मीही अध्यक्षसाहेबांना फोन केलेला नाही. आज करीन, या आठवड्यात करीन, असं म्हणता म्हणता माझा परिवीक्षेचा काळ अर्धा संपला.

जूनअखेर शाळा उघडली. नवं वेळापत्रक सरांनी भिंतीवर चिकटवलं. पाचवी ते आठवीची मराठी माझ्याकडे. गौहरचे तास त्यांनी काढले नव्हते, तेवढं त्यांनी पाळलं. वर तिला बोलावून म्हणाले, "तुम्हाले हिंदीचे तास दिले बरं, मॅडम. तुमच्यात हिंदी तर घरचीच असते. काही तयारी करा लागणार नाई." त्यांना वाटलं त्यांनी तिच्यावर उपकार केले.

सहावी अ आणि सहावी ब मध्ये भिंत नाही, प्लायवूडचा आडोसा आहे. इकडचं तिकडे ऐकू येतं. पहिल्याच दिवशी मी इकडे धडा वाचायला घेतला आणि घाईत "सकायी सकायी" असं म्हणून गेले. पहिल्या बाकावरची नयन उभी राहिली. "मॅडम, सकायी नाई, सकाळी." जीभ वर नेऊन, टाळूला लावून, सोडून, अगदी निगुतीनं तिनं ते म्हणून दाखवलं. मी विचारलं कोणी शिकवलं. ती म्हणाली, "गौहर मॅडमनं. मागच्या वर्षी." आडोशापलीकडे हिंदीचा तास चालू होता. तो क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मधल्या सुट्टीत आम्ही डबे घेऊन बसलो. अजून एकत्रच बसतो. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, म्हणून मी म्हटलं, "पोरायचा ळ किती पक्का केला गं तू. हिंदीच्या पोरायचाही तसाच करशील."

तिनं डब्याचं झाकण लावलं, रुमालाची गाठ मारली. हनुवटीखालची पिन चाचपली, नीट होती.

"हिंदीत ळ नाही, आभा," ती म्हणाली.